उमेदवारीचे नवे शास्त्र

‘उमेदवार’ म्हटले की आज निवडणूक आठवते. दोन-तीन पिढ्यांपूर्वी व्यापारी घरात या शब्दाचा अर्थ निराळा होता. पेढीवर काम शिकण्यासाठी, नाममात्र पगारावर किंवा पगाराविना राहिलेला मुलगा म्हणजे उमेदवार. गादी झटकणे, टपाल टाकणे, मालाच्या गोण्या मोजून घेणे येथून त्याची सुरुवात होई. अक्षर बरे असेल तर रोजमेळ हाती येई, मग खतावणी, आणि माणूस विश्वासाचा वाटला की उधारीच्या वसुलीला परगावी पाठवणी. त्याला अभ्यासक्रम कोणी लिहून दिलेला नसे. मुनीमजींची नजर हाच त्याचा अभ्यासक्रम.

या पद्धतीचे गोडवे पुष्कळ गायले जातात. तिचा दोष मात्र क्वचितच कोणी सांगतो. मुनीम मनाचा मोठा असेल तर मुलगा दोन वर्षांत तयार होई. मुनीम आपली विद्या मुठीत ठेवणारा असेल, तर तोच मुलगा पाच वर्षे पाणी भरत आणि निरोप पोहोचवत राही. त्याने काय शिकले, किती शिकले, हे विचारणारे तिसरे माणूस नव्हते. पुढे महाविद्यालये आली, बी.कॉम.ची पदवी आली आणि उमेदवारी मागे पडली. मुलगा सकाळी वर्गात ‘बँक रिकन्सिलिएशन स्टेटमेंट’ पाठ करू लागला आणि संध्याकाळी वडिलांच्या दुकानात चेकबुक कोठे ठेवले आहे हेही त्याला ठाऊक नसे. शिक्षण एका काठावर, काम दुसऱ्या काठावर.

हे दोन काठ जोडण्याचा पहिला पद्धतशीर प्रयत्न अमेरिकेतील सिनसिनाटी विद्यापीठात १९०६ साली झाला. हर्मन श्नायडर हे तेथील अभियांत्रिकीचे प्राध्यापक. शिकत असताना ज्यांनी कारखान्यांत हातांनी काम केलेले असते, ते पदवीनंतर अधिक लवकर उभे राहतात, हे त्यांच्या ध्यानात आले होते. त्यांनी विद्यार्थ्यांच्या जोड्या केल्या. एक विद्यार्थी आठवडाभर वर्गात असे, तेव्हा त्याचा जोडीदार कारखान्यात; पुढच्या आठवड्यात अदलाबदल. पहिल्या तुकडीत २७ विद्यार्थी होते. जोडीची ही युक्ती व्यापाऱ्याला चटकन पटावी अशी आहे. कारखान्यातील जागा एक दिवसही रिकामी राहत नाही, म्हणून मालक राजी. वर्गही रिकामा राहत नाही, म्हणून विद्यापीठ राजी.

या पद्धतीला इंग्रजीत को-ऑपरेटिव्ह एज्युकेशन आणि बोलण्यात नुसते ‘को-ऑप’ म्हणतात. महाराष्ट्रात हा शब्द उच्चारला की साखर कारखाना किंवा पतपेढी डोळ्यांपुढे येते, म्हणून येथेच सांगितलेले बरे की सहकारी चळवळीशी याचा काही संबंध नाही. सहकार्य आहे ते शिक्षणसंस्था, विद्यार्थी आणि नियोक्ता या तिघांचे.

या कल्पनेचे खरे घर मात्र कॅनडात झाले. ओंटारियो प्रांतातील किचनर आणि वॉटरलू ही जुळी गावे रबर, लाकूडसामान आणि विमा या धंद्यांवर वाढलेली. दुसऱ्या महायुद्धानंतर तेथील उद्योगांना अभियंते पुरेनासे झाले. आयरा नीडल्स हे बी. एफ. गुडरिच या टायर कंपनीच्या कॅनडातील शाखेचे प्रमुख. १९५६ च्या ऑगस्टमध्ये त्यांनी स्थानिक रोटरी क्लबपुढे एक योजना मांडली: वर्षातील काही महिने वर्गात, काही महिने कामावर. जेराल्ड हेगी, जे पूर्वी त्याच कंपनीत जाहिरात आणि जनसंपर्काचे काम पाहत, त्यांनी ती उचलून धरली आणि १९५७ च्या जुलैत वॉटरलू विद्यापीठाचे पहिले वर्ग याच पद्धतीने भरले. ज्या विद्यापीठाचे नाव आज संगणकशास्त्रात जगभर घेतले जाते, त्याचा पाया दोन कंपनीवाल्यांनी घातला, ही गोष्ट व्यापारी समाजाने लक्षात ठेवण्यासारखी आहे. त्या काळी जुन्या विद्यापीठांतील अनेक विद्वानांना हा प्रकार हलका वाटला. ज्ञानाच्या मंदिरात कारखान्याची मळकट टोपी कशाला, असा तो भाव होता.

वॉटरलूत आज वर्षाचे चार-चार महिन्यांचे तीन भाग पाडतात. अभियांत्रिकीचा विद्यार्थी चार महिने शिकतो आणि पुढचे चार महिने पगारी काम करतो, असे करत त्याला पदवीला चार वर्षे आठ महिने लागतात. त्यांतील साधारण दोन वर्षे तो कामावर असतो, आणि तेही एकाच ठिकाणी नव्हे. पहिल्या खेपेस छोट्या कंपनीत साधे काम मिळते, सहाव्या खेपेपर्यंत जबाबदारीचे. दर खेपेस अर्ज, मुलाखत, नकार, पुन्हा अर्ज हे सगळे आलेच. वीस हजारांहून अधिक विद्यार्थी या चक्रात आहेत.

आता प्रश्न असा की एवढ्या विद्यार्थ्यांना काम शोधून कोण देते? दिलेले काम शिकण्यासारखे आहे की नाही, हे कोण पाहते? विद्यार्थी तेथे गेल्यावर त्याला खरेच काम मिळाले की कोपऱ्यात बसवून ठेवले, याची चौकशी कोण करते? यातूनच एक नवा व्यवसाय जन्माला आला, आणि हा लेख प्रामुख्याने त्याच व्यवसायाविषयी आहे. त्या माणसाला तेथे को-ऑप कोऑर्डिनेटर म्हणतात. मराठीत समन्वयक म्हणता येईल. तो प्राध्यापक नाही, नोकरी लावून देणारा दलालही नाही. तो कंपन्यांच्या दारी जातो, त्यांचे काम समजून घेतो, कामाचे वर्णन लिहून घेतो, ते विद्यार्थ्याच्या पातळीला योग्य वाटले नाही तर नाकारतो. विद्यार्थी रुजू झाल्यावर मध्येच एकदा त्याची आणि त्याच्या वरिष्ठाची गाठ घेतो. शेवटी वरिष्ठाचा शेरा आणि विद्यार्थ्याचा अहवाल, दोन्ही तपासतो. पेढीवरच्या उमेदवाराला जे तिसरे माणूस कधी लाभले नाही, ते हे माणूस.

असे समन्वयक प्रत्येक संस्थेत दोन-चार. कोणी उद्योगातून आलेला, कोणी शिक्षक, कोणी समुपदेशक. या कामाचे शिक्षण कोठेच मिळत नव्हते, त्यामुळे एकमेकांना विचारल्याशिवाय गत्यंतर नव्हते. १९७३ मध्ये त्यांनी कॅनडाभरच्या को-ऑप शिक्षणाची एक राष्ट्रीय संघटना उभी केली. तिचे इंग्रजी आद्याक्षरी नाव कॅफ्से. या संघटनेने पहिले मोठे काम केले ते व्याख्या करण्याचे. वरवर पाहता हे काम कोरडे वाटते. पण बँकेच्या किंवा पेढीच्या व्यवहारात ज्याने हात घातला आहे त्याला ठाऊक असते की व्याख्या सैल राहिली की सगळा करार सैल होतो.

त्या व्याख्येतील अटी साध्या आहेत. कामाची जागा शिक्षणसंस्थेने पाहून मान्य केलेली असावी. विद्यार्थ्याने प्रत्यक्ष उत्पादक काम करावे. नुसते पाहत उभे राहणे म्हणजे को-ऑप नव्हे. कामाचा मोबदला मिळावा. संस्थेने प्रगतीवर लक्ष ठेवावे, आणि कामाचे मूल्यमापन नियोक्त्याने करावे. कामाचा एकूण काळ शिक्षणकाळाच्या साधारण निम्मा असावा, आणि कोणत्याही परिस्थितीत ३० टक्क्यांहून कमी नसावा. पुढे संघटनेने या कसोट्या लावून संस्थांच्या अभ्यासक्रमांना मान्यता देण्याची व्यवस्थाही उभी केली. म्हणजे ‘आमच्याकडे को-ऑप आहे’ असे कोणी नुसते माहितीपत्रकात छापून भागत नाही.

यांतील मोबदल्याची अट अधिक विचार करण्यासारखी आहे. आपल्याकडे सहज म्हटले जाते, ‘मुलगा शिकायला येतो आहे, आपण त्याला शिकवतो आहोत, वर पैसे कशाचे?’ यात अगदीच तथ्य नाही असे नव्हे. नवख्याला शिकवण्यात जुन्या माणसाचा वेळ जातो आणि त्या वेळेलाही किंमत आहे. परंतु व्यापाऱ्यानेच स्वतःला विचारावे: जी वस्तू फुकट आली तिचा हिशेब कोण ठेवतो? गोदामात दाम मोजून आणलेला माल नीट रचला जातो, नमुन्याचा फुकट माल कोपऱ्यात पडतो. माणसाचेही तसेच. ज्या विद्यार्थ्याला महिन्याकाठी रक्कम द्यायची आहे, त्याच्याकडून आज काय काम झाले हे मालक संध्याकाळी विचारतो. त्या विचारण्यातूनच विद्यार्थी शिकतो. मोबदल्याची अट केवळ विद्यार्थ्याच्या पोटासाठी घातलेली नाही, ती मालकाचे लक्ष जागे ठेवण्यासाठीही आहे.

काळ बदलला तसे कामाशी जोडलेल्या शिक्षणाचे प्रकार वाढले. परिचारिकेचे रुग्णालयातील प्रशिक्षण, शिक्षकाचे शाळेतील पाठ, कंपनीसाठी केलेला संशोधन प्रकल्प, समाजसेवेशी जोडलेला अभ्यास, स्वतःचा उद्योग सुरू करण्याची धडपड, हे सारे को-ऑपच्या चौकटीत बसत नव्हते, पण शिक्षण तर तेथेही होतच होते. म्हणून २०१७ मध्ये संघटनेने आपले नाव बदलले. आता ती ‘सीविल कॅनडा’ म्हणून ओळखली जाते आणि एकूण नऊ प्रकारांची व्याख्या करते. चांगली गोष्ट अशी की को-ऑपची जुनी कडक व्याख्या तिने पातळ केली नाही. इतर प्रकारांना त्यांची त्यांची वेगळी नावे दिली.

त्याच वर्षी कॅनडाच्या केंद्र सरकारने विद्यार्थ्यांना कामावर घेणाऱ्या उद्योगांसाठी वेतन अनुदानाची योजना आणली. विद्यार्थ्याच्या वेतनाच्या निम्मी रक्कम, कमाल ५,००० डॉलर. आणि पहिल्या वर्षाचे विद्यार्थी किंवा ज्या गटांना संधी कमी मिळते त्यांच्यासाठी ७० टक्के, कमाल ७,००० डॉलर. ओंटारियो प्रांतात त्याखेरीज करसवलत आहे, प्रत्येक विद्यार्थ्यामागे प्रत्येक खेपेस ३,००० डॉलरपर्यंत. लहान उद्योजक नवख्या विद्यार्थ्याला घ्यायला कचरतो, ही अडचण ओळखून केलेली ही तजवीज आहे. उपदेशापेक्षा असा आधार व्यापाऱ्याला लवकर समजतो.

पुणे, नाशिक, सांगली, कोल्हापूर येथील कित्येक घरांतून मुले-मुली कॅनडात शिकायला गेली आहेत आणि प्रवेशाच्या वेळी ‘को-ऑप आहे’ या एका वाक्यावर घरच्यांनी मोठे निर्णय घेतले आहेत. तेव्हा एक गोष्ट स्पष्ट असावी. को-ऑपच्या अभ्यासक्रमाला प्रवेश मिळणे म्हणजे काम मिळण्याची हमी नव्हे. संस्था जागा दाखवते, अर्ज लिहायला शिकवते, मुलाखतीची तयारी करून घेते, आणि या सेवेसाठी अनेक ठिकाणी वेगळे शुल्कही घेते. निवड मात्र नियोक्ता करतो. मंदीच्या वर्षात चांगल्या विद्यार्थ्यालाही एखादी खेप रिकामी जाते. म्हणून शैक्षणिक कर्जाचा हिशेब मांडताना को-ऑपच्या पगाराची रक्कम जमेच्या बाजूला पक्की धरू नये. ती आली तर घरभाड्याला उपयोगी पडेल. तिच्या भरवशावर शुल्काचा हप्ता बांधणे धोक्याचे. प्रवेशापूर्वी संस्थेला तीन गोष्टी लेखी विचाराव्यात: मागील वर्षी किती विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष जागा मिळाली, जागा न मिळाल्यास विद्यार्थी कोणत्या अभ्यासक्रमात जातो, आणि त्यासाठी समन्वयक किती आहेत.

भारतातही ही कल्पना परकी नाही. सनदी लेखापालांची संस्था १ जुलै १९४९ रोजी, त्याच वर्षीच्या कायद्याने, अस्तित्वात आली आणि आर्टिकलशिप हा त्या शिक्षणाचा कणा आहे. व्यावसायिकांच्या संघटनेने पुढच्या पिढीचे शिक्षण आपल्या कार्यालयांत, आपल्या देखरेखीखाली, विद्यावेतन देऊन करावे, याचे याहून जुने आणि मोठे उदाहरण आपल्या ओळखीत दुसरे नाही. २०२३ पासून लागू झालेल्या नव्या योजनेत हा काळ तीनऐवजी दोन वर्षांचा झाला. जैन समाजातील जवळजवळ प्रत्येक मोठ्या कुटुंबात एखादा तरी सनदी लेखापाल असतोच, आणि म्हणूनच ‘डमी आर्टिकलशिप’ म्हणजे काय हेही समाजाला सांगावे लागत नाही. नाव काकांच्या ओळखीच्या कार्यालयात, मुलगा दिवसभर शिकवणी वर्गात किंवा घरी. संस्था यास गैरवर्तन मानते आणि त्यावर कारवाई करते. तरीही घराघरांत ही गोष्ट ‘चालते’ या एका शब्दात सांगितली जाते.

आता या ‘चालते’ची व्याप्ती वाढली आहे. नव्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार महाराष्ट्रातील महाविद्यालयांत प्रत्यक्ष कार्यप्रशिक्षणाला श्रेयांक मिळू लागले आहेत. ठराविक तास कुठेतरी काम करायचे, तेथून प्रमाणपत्र आणायचे. परिणामी बाजारपेठेतील दुकानदाराकडे, कर सल्लागाराकडे, लहान कारखानदाराकडे विद्यार्थी येतात, बहुतेकदा ओळखीने. त्यांतील काहींना काम हवे असते, काहींना फक्त शिक्का. शिक्का देणाऱ्याला वाटते आपण पोराचे भले केले. एक कागद, एक सही, कोणाचे काय गेले?

तत्त्वार्थसूत्राने सत्याणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत. त्यांत कूटलेखक्रिया आहे, म्हणजे खोटा लेख करणे. श्रावकाच्या व्रतांत हा दोष मुद्दाम नोंदवावा लागला, याचा अर्थच असा की लिहिणारे, वह्या ठेवणारे, हुंड्यांचा व्यवहार करणारे लोक समोर होते आणि मोह कोठे होतो हे सूत्रकारांना माहीत होते. न केलेल्या कामाचे प्रमाणपत्र हे त्या शब्दाचे आजचे अगदी नेमके उदाहरण आहे. तेथेच अहिंसाणुव्रताच्या अतिचारांत अतिभारारोपण येते, कुवतीबाहेर ओझे लादणे. आणि अन्नपाननिरोध येतो, अन्नपाणी रोखणे. शिकाऊ मुलाला दिवाळीच्या गर्दीत रात्री अकरापर्यंत राबवणे आणि महिनाअखेरीस ‘तू तर शिकायला आला होतास’ म्हणणे, याचा विचार या दोन शब्दांच्या उजेडात जरूर व्हावा. पर्युषणात प्रतिक्रमण करताना हे शब्द मुखातून जातात. दुकानातील शिकाऊ मुलगा मात्र तेव्हा सहसा आठवत नाही.

कष्ट आणि शिक्षण यांची सांगड या समाजाच्याच एका सुपुत्राने महाराष्ट्रात घालून दाखवली. कर्मवीर भाऊराव पाटील यांचा जन्म १८८७ साली कुंभोज येथे जैन कुटुंबात झाला. ते काही काळ किर्लोस्करांच्या नांगरांचे विक्रेते होते. म्हणजे बाजार त्यांनी आतून पाहिला होता. १९१९ मध्ये त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापली, आणि ‘कमवा व शिका’ ही योजना तिची ओळख झाली. तिचा हेतू वेगळा होता, हे मान्य केले पाहिजे. गरीब मुलाला स्वतःच्या श्रमावर शिक्षण पूर्ण करता यावे, हा तिचा गाभा. शेतात किंवा बांधकामावर केलेले काम त्याच्या पाठ्यक्रमाचा भाग नव्हते. पण शिकणाऱ्याने हात मळवले तर त्याची प्रतिष्ठा कमी होते, हा समज त्यांनी मोडून काढला. तो समज मोडल्याशिवाय पुढचे काहीच शक्य नव्हते.

कायद्याची बाजूही आज व्यापाऱ्याला प्रतिकूल नाही. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्यात (येथे ‘उमेदवार’ हा जुना शब्द अजून जिवंत आहे) वेळोवेळी बदल झाले आणि पदवीधरांनाही त्यात जागा मिळाली. २०१९ च्या नियमबदलानुसार ३० किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनेला शिकाऊ उमेदवार घेणे बंधनकारक आहे, मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के. ४ ते २९ माणसे असणाऱ्यांना ते ऐच्छिक आहे. म्हणजे पाच नोकरांचे कापड दुकानही रीतसर नोंदणी करून, ठरलेले विद्यावेतन देऊन उमेदवार ठेवू शकते, आणि त्या विद्यावेतनाचा काही भाग सरकारकडून मिळण्याच्या योजनाही आहेत. आपल्याकडील कित्येक दुकानदारांना हे माहीतच नसते. वर्षानुवर्षे तोंडी बोलीवर मुले ठेवली जातात.

मग उणीव कशाची? विद्यार्थी आहेत, दुकाने-कारखाने आहेत, कायदा आहे, श्रेयांकही आहेत. नाही ते तिसरे माणूस. आपल्या महाविद्यालयांत हे काम बहुधा एखाद्या प्राध्यापकाकडे अधिकचा भार म्हणून सोपवलेले असते. आठवड्याचे तास घ्यायचे, परीक्षेच्या उत्तरपत्रिका तपासायच्या, आणि उरलेल्या वेळात दीडशे विद्यार्थ्यांच्या प्रशिक्षणाची नोंद ठेवायची. तो दुकानात जाऊन पाहणार कधी? कागद आला की सही करण्यापलीकडे त्याच्या हाती काही उरत नाही, आणि दोष त्याला देऊन उपयोग नाही.

महाराष्ट्रात जैन समाजाच्या शिक्षणसंस्था थोड्याथोडक्या नाहीत. त्यांचे विश्वस्त बहुतेक व्यापारी आणि उद्योजक आहेत, ज्यांना बाजारातील प्रत्येक पेढी नावानिशी ठाऊक आहे. वॉटरलूला नीडल्स आणि हेगी यांनी जे दिले ते हेच होते: ओळखी, विश्वास आणि ‘आमच्या मुलाला घ्या, नीट शिकवा’ असे सांगण्याचा अधिकार. अशा संस्थेने एक पूर्णवेळ समन्वयक नेमावा. त्याच्याकडे वर्ग नसावेत. त्याने सकाळी बाजारात फिरावे, कामाचे वर्णन दोन ओळींत लिहून घ्यावे, मुलगा रुजू झाल्यावर तिसऱ्या आठवड्यात न कळवता जाऊन पाहावे, आणि जेथे काम नाही तेथून त्याला परत आणावे, मग ते दुकान एखाद्या विश्वस्ताचे का असेना. खर्च म्हणाल तर एका माणसाचा पगार आणि दुचाकीचे पेट्रोल. पुढील शैक्षणिक वर्षाचे अंदाजपत्रक मार्चअखेरच्या सभेत मंजूर होते. विषयपत्रिका निघण्यापूर्वी कोणा विश्वस्ताने हा एक विषय लेखी द्यावा.